न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : धर्म, देश आणि सर्वांचे हित

“तू आधी मुसलमान की आधी भारतीय?” हा प्रश्न आपल्या मुलांना शाळा-कॉलेजात, एस. टी. त, नोकरीच्या ठिकाणी कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणारा दर वेळी वाईट हेतूनेच विचारतो असे नाही. पण मुलगा गोंधळतो, घरी येऊन गप्प बसतो. वडील मंडळींजवळही तयार उत्तर नसते. पंधरा ऑगस्टच्या सभेत वक्ते ‘देशप्रेम हा ईमानचाच भाग आहे’ हे वचन सांगतात आणि टाळ्या घेतात. हे वचन हदीस म्हणून लोकांच्या तोंडी आहे, तथापि हदीसचे जाणकार ते अस्सल मानीत नाहीत. म्हणून त्याच्यावर सारा भार टाकणे बरे नव्हे. त्यापेक्षा ज्या माणसाला हाच प्रश्न भर सभेत, वर्तमानपत्रांतून आणि स्वतःच्या समाजातील सर्वांत मोठ्या पुढाऱ्याकडून विचारला गेला आणि ज्याने त्याचे उत्तर आयुष्यभर वागून दिले, त्याची हकीकत पाहणे अधिक उपयोगाचे. ते गृहस्थ म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म मुंबईत १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतचे. वडील तय्यबअली व्यापारी होते आणि मुलांना विलायतेस शिक्षणासाठी पाठविण्याची हिंमत त्यांनी त्या काळी दाखविली. थोरले बंधू कमरुद्दीन विलायतेत शिकून मुंबईचे पहिले हिंदी सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी उर्दू-फारसीचे पहिले धडे दादा मकबा यांच्या मदरशात घेतले. मकबा हे नाव आपल्या कोकणी मुसलमानांना परके नाही. याच नावाचे महंमद इब्राहिम मकबा हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळावर जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने सभासद होते. हे सांगण्याचे कारण इतकेच की, ‘आपल्यात शिक्षणाची परंपराच नाही’ असे आपल्यातलेच लोक हताशपणे म्हणतात, ते खरे नाही. परंपरा होती. मध्ये तुटली.

पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८६० साली बद्रुद्दीन विलायतेस गेले. डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना अभ्यास अर्धा सोडून परत यावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टात उभे राहणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. प्रारंभीची काही वर्षे त्यांनी राजकारणाला हातच लावला नाही, आधी धंद्यात पाय रोवले. विद्यार्थी मित्रांनी याची नोंद घ्यावी. समाजकार्याच्या घाईत स्वतःचा अभ्यास बुडविणारे तरुण आपण पुष्कळ पाहतो.

१८७३ साली ते मुंबईच्या म्युनिसिपालिटीत निवडून आले. पाठोपाठ, १८७४ साली, मुंबईत ‘अंजुमन-ए-इस्लाम’ स्थापन झाली. तिच्या उभारणीत तय्यबजी बंधूंबरोबर नाखुदा महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान गृहस्थ होते. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, हे आपल्या बंदरपट्टीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बोहरा, कोकणी असे निरनिराळ्या जमातींचे लोक एका संस्थेत बसले, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. आपापल्या जमातीपुरते पाहण्याची खोड तेव्हाही होती. आज फुणगूसची जमात वेगळी, कडवईची वेगळी, संगमेश्वर-कसब्याची वेगळी, असे मानून चालणाऱ्यांना रोघे-तय्यबजी यांनी एकत्र बसून काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे बद्रुद्दीन यांनी मुसलमानांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८९३ साली बोरीबंदरसमोरची ती देखणी इमारत उघडली गेली. सरकारकडून अनुदान, म्युनिसिपालिटीकडून मदत, श्रीमंतांकडून देणग्या, सारे काही त्यांनी दारोदार फिरून मिळविले.

येथवरची हकीकत एखाद्या चांगल्या समाजसेवकाची म्हणता येईल. खरी कसोटी पुढे आहे.

त्याच काळात मुंबईच्या सार्वजनिक जीवनात तीन नावे एका दमात घेतली जात : फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. इल्बर्ट बिलाच्या वेळी, १८८३ साली, टाऊन हॉलमध्ये झालेल्या सभेत हे तिघे गाजले. १८८५ च्या जानेवारीत त्यांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी होते. त्यांत मुसलमान फक्त दोन. तय्यबजी बंधू हजर नव्हते. लगेच विरोधकांनी हाकाटी केली की, मुसलमानांनी काँग्रेसवर बहिष्कार घातला आहे. बद्रुद्दीन यांनी ही गोष्ट स्पष्टपणे नाकारली. पण शंका एकदा निघाली ती निघालीच.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रासला तिसरे अधिवेशन भरले आणि सहाशेवर प्रतिनिधींच्या त्या सभेचे अध्यक्षपद बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडे आले. काँग्रेसचे हे पहिले मुसलमान अध्यक्ष. आपल्या भाषणात त्यांनी विचारले की, सर्वांच्या समान हिताच्या कामात मुसलमानांनी इतर धर्मांच्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, याला काही कारण आहे काय? आपल्याला तरी ते दिसत नाही, असे ते म्हणाले. आपण मुंबईच्या अंजुमनशी जोडलेले आहोत, हे त्यांनी तेथे लपविले नाही. उलट ते मुद्दाम सांगितले.

योगायोग असा की, मद्रासला हे अधिवेशन चालू असतानाच, २८ डिसेंबर १८८७ रोजी, लखनौला सर सय्यद अहमदखान यांनी काँग्रेसच्या विरुद्ध भाषण केले. सर सय्यद म्हणजे साधी असामी नव्हे. १८७५ साली अलीगढचा मदरसा उघडून त्यांनी मुसलमानांना इंग्रजी विद्येच्या दारापाशी आणून उभे केले होते. १८५७ च्या होळीत दिल्लीच्या मुसलमानांची वाताहत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरकारशी पुन्हा बखेडा नको, आधी मुले शिकोत, असे त्यांना वाटत असे. त्यांचा दुसरा मुद्दा संख्येचा होता. मतांवर कौन्सिले निवडली गेली तर जिथे चार हिंदू तिथे एक मुसलमान, मग आमचे ऐकणार कोण? चढाओढीच्या परीक्षांनी नोकऱ्या दिल्या तर आज शिक्षणात पुढे असलेलेच सारे घेऊन जातील, मग मागासलेल्यांनी काय करावे?

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. गावात ज्या वाडीची घरे थोडी, तिच्या मनात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नेमके हेच येते, मग ती वाडी कोणत्याही धर्माची असो. काही लेखक तय्यबजींना मोठे करण्यासाठी सर सय्यदना खलपुरुष बनवितात, ते मला पटत नाही. दोघेही कौमचे भले पाहत होते.

१८८८ च्या प्रारंभी दोघांत पत्रव्यवहार झाला. ‘राष्ट्रीय’ या शब्दालाच सर सय्यदांची हरकत होती. हिंदुस्थानात निरनिराळ्या जाती-धर्मांचे लोक असताना त्यांना एक राष्ट्र कसे म्हणता येईल, असा त्यांचा सवाल होता. तय्यबजींनी दिलेले उत्तर मोठे विचार करण्यासारखे आहे. या देशात अनेक समाज आहेत, प्रत्येकाचे काही प्रश्न निराळे आहेत, हे ते मान्यच करतात. त्याविषयी वाद घालीत बसत नाहीत. पण काही प्रश्न असे असतात की ते सर्वांनाच लागू पडतात. कराचे ओझे, न्यायखाते, लष्करावरील खर्च, कौन्सिलांची सुधारणा यांत हिंदूचे हित एक आणि मुसलमानाचे दुसरे, असे होत नाही. अशा प्रश्नांसाठी काँग्रेस आहे. आणि एखादा ठराव मुसलमानांना घातक वाटला तर काय करावे? त्यांचे म्हणणे असे की, बाहेर राहून निषेध करण्यापेक्षा आत जाऊन विरोध करावा. आत असलेल्या माणसाचे ऐकावे लागते. बाहेरच्याचे कोण ऐकतो?

हे आपल्या गावात आणून पाहू. पऱ्ह्यावरचा साकव, नळपाणी योजना, एस. टी. चा थांबा, प्राथमिक शाळेची गळकी कौले, ही सर्वांची कामे. कब्रस्तानची भिंत, मशिदीची व्यवस्था, निकाह आणि वारसा ही आपली कामे. ग्रामसभा भरते तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती जण जातात? बहुतेक वेळा आपण घरीच बसतो आणि साकव दुसरीकडे झाला म्हणजे ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ म्हणून तक्रार करतो. तय्यबजींनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या सवयीवर बोट ठेवले ती ही सवय.

केवळ पत्रे लिहून ते थांबले नाहीत. अल्पसंख्याकांना हमी मिळावी म्हणून त्यांनी एक नियम सुचविला, आणि १८८८ च्या अखेरीस अलाहाबादच्या काँग्रेसने तो ठराव म्हणून स्वीकारला. एखाद्या विषयाला हिंदू प्रतिनिधींचा किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने अथवा जवळजवळ एकमताने विरोध असेल, तर तो विषय चर्चेस घेऊ नये, असा तो नियम होता. काँग्रेसने ज्या प्रश्नांवर आपले मत आधीच दिले होते ते मात्र त्यातून वगळले होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा अधिकार फक्त मुसलमानांना नव्हता. दोन्ही बाजूंना होता.

आता एक अवघड प्रसंग. गौरवलेखांत तो सहसा गाळला जातो. १८८८ च्या ऑक्टोबरात तय्यबजींनी ए. ओ. ह्यूम यांना एक पत्र लिहिले. मुसलमान समाजाचा मोठा भाग काँग्रेसच्या विरुद्ध गेला आहे, बरोबर असो वा चूक, पण ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा अलाहाबादचे अधिवेशन पार पाडून पुढे निदान पाच वर्षे काँग्रेस तहकूब ठेवावी, असे त्यांनी सुचविले. तेवढ्या काळात मने वळली तर पुन्हा सुरू करावी, नाही तर मानाने आवरती घ्यावी. ज्या सभेचे अध्यक्षपद दहा महिन्यांपूर्वी भूषविले, तिलाच थांबवा म्हणून सांगणे! ह्यूम यांना ते पटले नाही आणि काँग्रेस दर वर्षी भरतच राहिली.

काही जण याला तय्यबजींचे कच खाणे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. समाजाला सोडून एकट्याने पुढे जाण्यात मानसन्मान मिळाला असता, टाळ्या मिळाल्या असत्या; पण आपल्या मागे कोणी उरले नाही तर त्या पुढारीपणाचा समाजाला उपयोग काय, हे ते जाणत होते. मात्र त्यांचा उपाय चुकीचा होता असे मला वाटते. पाच वर्षे सभा बंद ठेवल्याने शंका मिटत नाहीत. शंका मिटतात त्या एकत्र काम केल्याने. आणि नियमाबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे. नको असलेली गोष्ट अडविणे नियमाने साधते, हवी असलेली गोष्ट घडविणे साधत नाही. नियमाने शाळा निघत नाही. शाळा अंजुमनने काढली, ती पैसा-पैसा जमवून. तय्यबजींनी स्वतःही आपला अधिक वेळ त्याच कामाला दिला.

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या कोर्टाचे ते पहिले मुसलमान न्यायाधीश. खुर्चीवर बसल्यावर राजकारण बंद झाले. पण त्यांच्या आयुष्यातला आपल्या जिल्ह्याशी अगदी जवळून संबंध असलेला प्रसंग याच खुर्चीवरचा आहे.

लोकमान्य टिळक आपल्या रत्नागिरीचे, तेथेच १८५६ साली जन्मलेले. १८९७ च्या जुलैत ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. रँडच्या खुनाला महिनाच झाला होता आणि इंग्रजी वृत्तपत्रे टिळकांवर आग पाखडीत होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला तो न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे. त्यांनीही त्या वेळी जामीन दिला नाही. मग खटला सेशनकडे सोपविला गेल्यावर ऑगस्टच्या प्रारंभी बॅरिस्टर दावर यांनी टिळकांतर्फे पुन्हा अर्ज केला. या वेळी तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला.

तेव्हाची हवा ध्यानात घ्या. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. त्यानंतर गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि टिळक त्याचे अध्वर्यू होते. पुष्कळ मुसलमानांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. सरकारलाही टिळक तुरुंगातच हवे होते. म्हणजे जामीन नाकारला असता तर सरकार खूष आणि मुसलमानांतील पुष्कळ लोकही खूष. तय्यबजींनी जामीन दिला. त्यांचा विचार साधा होता : जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच असतो. हा मनुष्य पळून जाणारा आहे काय? नसेल, तर आरोप सिद्ध होण्यापूर्वी त्याला कोंडून ठेवून बचावाची तयारी करण्यात अडथळा का आणावा?

पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ ज्यूरर होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा त्या जामिनाने निकाल बदलला असे कोणी समजू नये. त्याने एवढेच झाले की आपल्या बचावाची तयारी टिळकांना मोकळेपणी करता आली. गंमत पाहा, १८९७ साली टिळकांचा जामीन मागणारे दावर १९०८ साली स्वतः न्यायाधीश झालेले होते. टिळकांवर दुसरा राजद्रोहाचा खटला आला तेव्हा बॅरिस्टर जिना यांनी जामिनासाठी तय्यबजींच्या त्याच निर्णयाचा आधार घेतला. दावरसाहेबांनी अर्ज फेटाळला आणि टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

न्यायमूर्ती तय्यबजी नमाजी, दीनदार मुसलमान होते. इन्साफ करताना समोरचा आपला की परका हे पाहू नये, दुश्मनीमुळेही न्यायापासून ढळू नये, ही शिकवण कुराणाचीच आहे. हायकोर्टातल्या त्या दिवशी त्यांचा दीन आणि त्यांचा देश यांत त्यांना निवड करावी लागलीच नाही. ‘आधी कोण’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी तरी हा जामिनाचा प्रसंग सांगेन.

१९०२ साली त्यांनी हायकोर्टाचे हंगामी सरन्यायाधीश म्हणून काम पाहिले. तेथे तो मान मिळालेले ते पहिले हिंदी. १९०३ च्या डिसेंबरात मुंबईत मुसलमानांची शिक्षण परिषद भरली. ही परिषद सर सय्यदांनी १८८६ साली सुरू केलेली. सर सय्यद १८९८ साली अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद तय्यबजींनी घेतले. पंधरा वर्षांपूर्वीचा वाद कोणी विसरले नव्हते. पण राजकारणातला वाद शाळेच्या दारात आणायचा नाही, एवढे दोन्हीकडच्या मंडळींना कळत होते. त्या भाषणात त्यांनी मुलींच्या शिक्षणावर भर दिला आणि हिंदुस्थानात चालतो तसा कडक पडदा शरियतच्या आज्ञेपेक्षा जास्त आहे, असे स्पष्ट सांगितले. यावर नाराजी झाली. ते बधले नाहीत. त्यांनी स्वतःच्या मुलींना शिकविले होते, त्यामुळे बोलण्याचा अधिकार त्यांना होता.

मुलींच्या शिक्षणाचे आपल्याकडे काय झाले हे आया-बहिणींनीच सांगावे. येथे एक गोष्ट नमूद करतो. देवरूखात इंदिराबाई हळबे, ज्यांना सारा तालुका मावशी म्हणतो, त्यांनी १९५४ साली ‘मातृमंदिर’ काढले. आरंभ एका लहानशा प्रसूतिगृहाने झाला. आडवाटेच्या गावांतून डोलीत घालून आणलेल्या बाईची जात-धर्म तेथे विचारली जात नसे. सर्वांच्या हिताचे काम म्हणतात ते हे. आपल्या मुलींतून सुईणी, नर्सेस, डॉक्टर निघाल्या तर अशाच कामाला हातभार लागेल. तय्यबजींनी १९०३ साली मागितले ते याहून फार वेगळे नव्हते.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये बद्रुद्दीन तय्यबजी यांचा इंतकाल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली आणि पुढचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ती वाट कोठे पोहोचली हे १९४७ साली सर्वांनी पाहिले. तथापि तय्यबजींच्या घरातली वाट निराळी राहिली. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोदा संस्थानचे न्यायाधीश होते, विलायती राहणीचे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजींबरोबर काम केले आणि त्यांचे सारे आयुष्य पालटले. विलायती कपडे गेले, अंगावर खादी आली. १९३० च्या मे महिन्यात गांधीजी पकडले गेले तेव्हा धारासणाच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनीच या पंचाहत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्यावर सोपविलेले होते. अब्बाससाहेब निघाले आणि वाटेतच पकडले गेले. त्यांच्या जागी सरोजिनी नायडू उभ्या राहिल्या.

आपल्या तालुक्यातून आता कोकण रेल्वे जाते. संगमेश्वर रोडला गाडीत बसलेला विद्यार्थी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. स्टेशनाबाहेर येऊन दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडला की समोर अंजुमन-ए-इस्लामची ती दगडी इमारत दिसते. आत शाळा भरलेली असते. ज्या मुलांना पुढील शिक्षणासाठी मुंबईस जायचे आहे त्यांनी पहिल्याच फेरीत ती पाहून यावी, आणि पालकांनी बरोबर धाकट्या मुलीलाही न्यावे.